वसईकर कोण? – नाव, राष्ट्र आणि भाषा

लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि भिन्न श्रद्धांविषयी आदर व सहिष्णुता ही 'मूलभूत ब्रिटिश मूल्ये' विद्यार्थ्यांमध्ये रुजवावीत, असे इंग्लंडमधील शाळांना २०१४ साली शासनाने बजावले. त्यावर तेथे बराच वाद झाला. या यादीत खास ब्रिटिश असे काय आहे, हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. तो रास्तच म्हणावा लागेल. कारण ही मूल्ये आपल्या राज्यघटनेतही आहेत. मूल्यांची यादी करता येते. पण 'आपले' कोण, हे त्या यादीवरून ठरत नाही. ते कशावरून ठरते, याचा विचार करताना आम्हांला आमच्या वसईचा इतिहास दूरच्या कोणत्याही उदाहरणापेक्षा अधिक उद्बोधक वाटतो.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे दोन शतके ती त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होती. या काळात येथे धर्मांतरे झाली. त्यांत श्रद्धा किती आणि सत्तेचे दडपण किती, याचा हिशेब आज एका वाक्यात मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आडनावे बदलली, डिसोझा, परेरा, लोपीस आले. पण केळीच्या बागा, विहिरीचे पाणी, लुगडे आणि लग्नातली गाणी तीच राहिली. मुख्य म्हणजे बोली तीच राहिली. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती हे दोन्ही समाज आजही एकच कादोडी बोली बोलतात. या ख्रिस्ती समाजाचे 'कुपारी' हे नाव पोर्तुगीज शब्दावरून आले असे मानतात. म्हणजे नाव परके आणि बोली घरची. अर्थात पगार, चावी, बटाटा हे शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आले, आणि त्यांना आज कोणी परके म्हणत नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. हा विजय मराठ्यांच्या इतिहासातील एक मोठा पराक्रम आहे, याविषयी दुमत नाही. वसईच्या चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या; नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि वाईजवळच्या मेणवलीत त्या आजही पाहता येतात. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. हा धडा शिकवताना वर्गात परेरा आणि नाईक एकाच बाकावर बसलेले असतात. 'आपण जिंकलो' या वाक्यातील 'आपण' उच्चारताना आम्ही क्षणभर थांबतो. परेराने त्या 'आपण'मध्ये असावे अशी आमची इच्छा असते. पण ते वाक्य त्याला तेथे जागा देते का, याची खात्री नसते.

पुढे इंग्रज आले. कंपनी सरकारच्या नोकऱ्यांत मुंबई, साष्टी, वसईकडील ख्रिस्ती शिरले. मागाहून गोवा आणि मंगळूर येथील ख्रिस्तीही नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले. तेव्हा आपण त्यांच्याहून निराळे, कंपनीचे जुने सेवक, हे दाखविण्यासाठी येथील ख्रिस्ती पुढाऱ्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील माणसे अशा रीतीने 'पूर्वेची' झाली! या नावाला हसणे सोपे आहे. पण पोटापाण्याच्या स्पर्धेत सापडलेल्या लहान समाजाने राज्यकर्त्याला समजेल अशा शब्दांत स्वतःची ओळख सांगितली, एवढाच त्याचा अर्थ. कंपनी गेली, साम्राज्य गेले, नाव राहिले. वसईत ते मुंबईइतके रुजले नाही; येथील अनेक जण स्वतःला कुपारी, वाडवळ, कोळी किंवा नुसते वसईकर म्हणवून घेतात.

याच्या अगदी उलट उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आहे. फादर स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. तो १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आम्ही अभिमानाने शिकवतो. एका इंग्रजाला आम्ही विनाअट मराठी कवी मानतो आणि शतकानुशतके या मातीत शेती करणाऱ्याच्या मुलाला, तो वक्तृत्वस्पर्धेसाठी बाहेरगावी गेला की, 'तुझे मराठी इतके चांगले कसे?' असे विचारले जाते. विचारणाऱ्याचा हेतू कौतुकाचाच असतो. म्हणूनच ते अधिक बोचते.

वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले, 'सुबोध बायबल' मराठीत आणले आणि येथील हिरवाई वाचविण्यासाठी हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व केले. २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. ते अध्यक्ष झालेच, आणि मराठी समाजाचा बहुसंख्य भाग त्यांच्या पाठीशी राहिला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. २०२४ मध्ये ते गेले. पण तो प्रश्न मुळात विचारला गेला, हे विसरता येत नाही.

आमच्या मते राष्ट्रीय अस्मितेची खरी कसोटी येथे आहे. कोणती मूल्ये आपली, हे सांगणे सोपे असते. आपल्यातच असलेल्या माणसाला पुनःपुन्हा दाखला मागायचा नाही, हे अवघड असते. या बाबतीत आम्हीही निर्दोष नाही. 'ख्रिस्ती मराठी साहित्य' असा निराळा कप्पा करून त्यात स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंत सर्वांना बसविण्याची सवय आम्हां शिक्षकांनीच लावली. शिकवण्याची सोय झाली, पण त्या कप्प्याला भिंत आली.

इकडे आमच्या वर्गातील कादोडी बोलणारी मुले दरवर्षी कमी होताना दिसतात. हिंदू घरांतलीही आणि ख्रिस्ती घरांतलीही. जी बोली दोन धर्मांना चार शतके एका अंगणात ठेवू शकली, ती टिकविण्याचे कर्तव्य कोणत्याही सरकारी मूल्ययादीत सापडणार नाही. ते वसईकरांनाच पार पाडावे लागेल. येत्या वर्षी 'क्रिस्तपुराण' शिकवताना आम्ही ते संतकाव्याच्या शेजारी, त्याच कपाटात ठेवणार आहोत.