1 सप्टेंबर 1940: मुंबईत गोठलेलं भाडं

मुंबईत कधी भाड्याने घर शोधलंय? मग तुम्हाला ती टेप पाठच असेल. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, लाखांत डिपॉझिट, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, आणि मालक आपल्याकडे असा बघतो की जणू आपण त्याचं घर बळकवायलाच आलोय. ही भीती उगाच आलेली नाही. तिच्यामागे एक तारीख आहे.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. गिरण्या दिवसरात्र चालत होत्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं येतच होती. लालबाग-परळमध्ये एकेका खोलीत पाळ्या लावून लोक झोपायचे, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा. नवीन बांधकाम जवळपास थांबलेलं. 1944 मध्ये गोदीतल्या स्फोटाने हजारो लोक बेघर झाले, आणि मग फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित आले. 1941 मध्ये बेटावरच्या मुंबईची वस्ती 15 लाखांच्या आसपास होती, 1951 मध्ये ती 23 लाखांच्या पुढे गेली. अशा वेळी मालकाने भाडं दुप्पट केलं तर गिरणी कामगार जाणार कुठे?

म्हणून 1947 मध्ये मुंबई सरकारने भाडेनियंत्रण कायदा आणला. जी घरं 1 सप्टेंबर 1940 ला भाड्याने होती, त्यांचं त्या दिवशीचं भाडं हेच स्टँडर्ड भाडं. नंतरच्या घरांसाठी, पहिल्यांदा दिलं तेव्हाचं भाडं. भाडं वेळेवर भरणाऱ्याला सहजासहजी काढता येणार नाही, आणि तो गेला तर सोबत राहणाऱ्या घरच्यांना तोच हक्क. माझ्या मते त्या वेळी हे बरोबरच होतं. हा कायदा नसता तर गिरणगाव टिकलं नसतं.

पण आमच्या धंद्यात एक म्हण आहे, टेम्पररी फिक्सइतकं पर्मनंट काहीच नसतं. हा कायदासुद्धा ठरावीक मुदतीचा होता. मुदत संपत आली की वाढवायची, परत संपत आली की परत वाढवायची, असं पन्नास वर्षं चाललं. आणि आतला आकडा? तो हार्डकोड केलेला. समजा 1940 ला खोलीचं भाडं 10 रुपये होतं, तर 1990 मध्येही मूळ भाडं 10 रुपयेच. तेवढ्यात मालक गच्चीची गळती कशी काढणार?

मग मार्केटने आडवाट काढली. भाडं वाढवता येत नाही ना, मग खोली हातात देताना एकरकमी पैसे घ्या. हीच पागडी. कायद्याने मालकाला असे पैसे घ्यायला बंदी होती, त्यामुळे सगळं रोखीत, बिनपावतीचं. जुना भाडेकरू नव्याला खोली देणार, मालक आपला हिस्सा घेऊन नावबदल करून देणार. खोलीची किंमत लाखांत आणि भाड्याची पावती काही रुपयांची!

मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू म्हणतो इमारत माझी कुठे? दोघांच्या मध्ये भिंत खचत राहिली. शेवटी 1969 मध्ये सरकारने इमारतींवर उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं. सुरुवातीला अशा 19,642 इमारती होत्या. त्यांचे गट पाडले तेव्हा 'अ' गटात कुठल्या, तर 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या. तीच तारीख परत! दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी येते, आणि लोक तिथेच राहतात, कारण एकदा खोली सोडली की ताबा गेला ही धास्ती. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, 30 हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवसांत तुफान पाऊस झाला होता हे खरं, आणि सगळं खापर एका कायद्यावर फोडणं सोपं होईल. पण अशा इमारती इतक्या थकल्या कशा, याचं अर्धं उत्तर त्या 10 रुपयांत आहे.

दुसरा परिणाम आपल्यावर झाला. एकदा आत आलेला भाडेकरू निघत नाही म्हटल्यावर लोकांनी भाड्याने देण्यासाठी घरं बांधणंच जवळपास सोडलं. बांधायचं ते विकायला. ज्यांच्याकडे जादा फ्लॅट होता त्यांनी तो कुलूप लावून ठेवला.

1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. जुन्या भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली (10 रुपयांवर 4 टक्के, म्हणजे 40 पैसे). पागडी कायदेशीर झाली. आणि आपल्यासारख्यांसाठी लीव्ह अँड लायसन्सचे नियम स्पष्ट झाले, मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट पैसे भरा.

आता त्या अकरा महिन्यांचं. वर्षाच्या आत असलं की नोंदणी लागत नाही असं ब्रोकर सांगतो ना? महाराष्ट्रात 2000 पासून ते चालत नाही. करार अकरा महिन्यांचा असो नाहीतर पाच, तो लेखी आणि रजिस्टर हवाच, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. रजिस्टर नसेल आणि वाद झालाच, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. कलम 55. पुढच्या वेळी ब्रोकरशी बोलताना हा नंबर लक्षात असू द्या.