प्रकाशाचा पाझर

पाटाचा बांध पक्का असला तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचते; बांध भुसभुशीत असला की ते वाटेतच शेजारच्या रानात पाझरते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. काचेच्या तंतूंतून प्रकाश वाहून नेणाऱ्यांनाही पहिला त्रास झाला तो पाझराचाच. पुढे मात्र हाच पाझर मोठा उपयोगी ठरला. तो कसा, ते आज पाहू.

१८४१ साली जिनिव्हाच्या डॅनियल कोलाडॉन यांनी पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला. १८५४ साली लंडनला जॉन टिंडाल यांनीही तसाच प्रयोग केला. प्रकाश दाट पदार्थातून विरळ पदार्थाकडे फार तिरपा निघाला, तर बाहेर न पडता आतच परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात, हे शिक्षक मंडळींना ठाऊक आहेच.

त्यानंतर शंभर वर्षांनी पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करीत होते. काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पाठवल्याचे या दोघांचे टिपण १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’ साप्ताहिकात आले. त्याच अंकात हॉलंडच्या वान हील यांचेही टिपण होते. अडचण ही, की उघडे तंतू एकमेकांना टेकले की एकातला प्रकाश दुसऱ्यात शिरे आणि चित्र पुसट होई. वान हील यांनी उपाय सांगितला, की तंतूवर विरळ पदार्थाचे आवरण चढवावे. १९५६ साली मिशिगन विद्यापीठातल्या लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्याने काचेच्या नळीत काचेची कांडी घालून, तापवून, दोन्ही एकत्र ओढली. बांध पक्का झाला! पुढच्याच वर्षी डॉक्टर बेझिल हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची जठर पाहण्याची नळी आधी स्वतःच्याच घशातून उतरवली.

मग १९६१ साल उजाडले. अमेरिकेतल्या एलियास स्निट्झर यांनी दाखवले, की अगदी बारीक गाभ्यात प्रकाश वाटेल तसा धावत नाही. तो काही ठरीव आकृतींतच चालतो. या आकृतींना मोड म्हणतात. गाभा पुरेसा बारीक असला तर एकच मोड उरतो. आणि मोडाची किनार गाभ्याबाहेर आवरणातही थोडी पसरलेली असते. तिथे दुसरा गाभा जवळ असला, तर प्रकाश त्यात उतरणारच. म्हणजे पाझर हा प्रकाशाच्या स्वभावातच आहे.

शिक्षकांनी वर्गात एक करून पाहावे. दोन खुंट्यांना आडवी, किंचित सैल दोरी बांधा. तिला सारख्या लांबीच्या सुतळ्यांनी दोन सारखे दगड टांगा. एकाला झोका द्या. हळूहळू तो थांबेल आणि दुसरा झुलू लागेल. मग पुन्हा पहिला. पण दोघांना एकदम एकाच बाजूला झोका दिला, किंवा अगदी उलट बाजूंना दिला, तर अशी देवघेव होत नाही. हे दोन झोके म्हणजे त्या जोडीचे मोड. शेजारच्या दोन गाभ्यांतला प्रकाश असाच वागतो.

१९६६ साली चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी हिशेब मांडला, की एका किलोमीटरनंतर शंभरावा हिस्सा प्रकाश उरला तरी तंतूतून संदेश जाईल. १९७० साली अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने ते साधले. पुढे, १९७९ च्या सुमारास, जपानात एकाच तंतूत अनेक गाभे असलेले तंतू तयार झाले.

अशा तंतूंत गाभे किती अंतरावर ठेवायचे, हे कामावर ठरते. संदेश न्यायचे असतील तर ते दूर ठेवतात, म्हणजे पाझर नको. लेसरसाठी मात्र जवळ आणतात. एका बारीक गाभ्याला फार तेज सोसत नाही. तेच अनेक गाभ्यांत वाटले आणि पाझरामुळे सगळे एका तालात आले, की मिळून एक जोरदार झोत निघतो. मापनयंत्रांतही हेच. तंतू ताणला, वाकला किंवा तापला की गाभ्यांतली देवघेव बदलते. तो बदल मोजला की ताण आणि उष्णता कळते.

कपानी २०२० साली वारले. ज्या पाझराने त्यांच्या काळी चित्र पुसट केले, त्याचा नियम सापडला, तेव्हा त्याच्यावर मापनयंत्रे उभी राहिली. मुलांना विज्ञान शिकवताना प्रयोगातले ‘बिघडले’ म्हणून काही पुसून टाकू नये. ते का बिघडले, हे आधी विचारू द्यावे.