शोक आणि चळवळ : १९२६ मधील एक पत्र

आपल्या चळवळीचा इतिहास आपण परिषदा, सत्याग्रह आणि ठराव यांच्या तारखांनी लिहीत आलो. तो घडविणाऱ्या माणसांच्या मनाने काय सोसले, हे मात्र चरित्राच्या एखाद्या प्रकरणापुरते राहिले. माझ्या मते त्याचीही इतिहास म्हणूनच चर्चा झाली पाहिजे.

जुलै १९२६ मध्ये बाबासाहेबांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. त्याआधी गंगाधर, रमेश आणि इंदू ही मुले गेली होती. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव उरले. १६ ऑगस्टला बाबासाहेबांनी कोल्हापूरचे आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. या आघातातून आपण पती-पत्नी सावरलो आहोत असे सोंग आणण्यात अर्थ नाही, हे त्यांनी त्यात सरळ सांगितले. अधिक लिहवत नाही म्हणून पत्र आवरते घेतले.

पुढे सात महिन्यांनी, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी, महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पत्रामुळे महाड घडले असे मी म्हणत नाही. परंतु तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा हा महापुरुष आपले दुःख मित्राजवळ उघड करीत होता, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो काय? २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हाही त्यांनी शोक लपविला नाही. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली.

आज अनेक महाविद्यालयांत जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो चांगलाच आहे. पण त्यातून मुले फक्त सोसणे शिकतात. शिष्यवृत्ती रखडलेली, घरी कर्ज, वर्गात आडनावावरून कुजबुज. रात्र रात्र झोप नाही, तरी विचारले की उत्तर एकच : 'काही नाही, सर.' माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. आई 'जिवाला घोर लागलाय' एवढेच म्हणे आणि कामाला लागे. तो घोर कुणाजवळ बोलावा, ही सोय तिला नव्हती. आपल्या मुलांना ती असली पाहिजे.

येथे एक धोका आहे. रोहित वेमुला (२०१६) आणि पायल तडवी (२०१९) यांच्या मृत्यूंना मनाचा दुबळेपणा म्हणणे म्हणजे जातीचा जाच झाकणे होय. मन सांभाळण्याचा उपदेश अन्यायाविरुद्धच्या लढ्याची जागा घेऊ शकत नाही. पण लढणारा माणूस आतून खचत असेल, तर त्याला जपणे हेही चळवळीचेच काम आहे. प्रत्येक वसतिगृहात आणि अभ्यासिकेत ऐकून घेणारे एक माणूस असावे. झोप, भूक बरेच दिवस हरवली, जगणे नकोसे वाटू लागले, तर सोबत जाऊन डॉक्टर गाठावा. ताप आल्यावर आपण हेच करतो.

आणि येत्या १४ एप्रिलला, त्या अठरा तासांत, दत्तोबा पवारांना लिहिलेले ते पत्र मोठ्याने वाचावे.