सर्किट बोर्डांची ‘आयन’ परीक्षा

खास प्रतिनिधी

गंगापूर : गंगापूर तालुक्यातील वाळूज औद्योगिक वसाहतीचे नाव निघाले, की दुचाकी आणि तिचे सुटे भाग डोळ्यांपुढे येतात. बजाज ऑटोचा येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आधाराने पुरवठादारांची साखळी उभी राहिली. त्या काळच्या स्कूटरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स म्हणावे असे फारसे काही नव्हते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले, तर एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. त्यामुळे ब्रेक आणि इंधनपुरवठा यांचा कारभार बहुतांशी तळहाताएवढ्या सर्किट बोर्डाच्या हाती गेला. हा बोर्ड पावसाळ्यात दगा देतो, तेव्हा त्याच्या मुळाशी पुष्कळदा डोळ्यांना न दिसणारे क्षार असतात.

हे क्षार येतात कोठून? सोल्डरिंग करताना धातूवरील गंज काढण्यासाठी फ्लक्स वापरतात. त्यातील क्लोराइड, ब्रोमाइड आणि ॲडिपिक, सक्सिनिक यांसारख्या सौम्य आम्लांचे अवशेष बोर्डावर राहतात. बोर्ड तयार करतानाच्या मुलामा-प्रक्रियेतील रसायने नीट धुतली गेली नाहीत, तर त्यांचीही भर पडते. उघड्या हाताने बोर्ड उचलणाऱ्या कामगाराचा घाम म्हणजे तर चक्क मिठाचे पाणीच. कोरड्या हवेत हे सारे निपचित पडून असते. हवेतील ओलावा त्यावर बसला, की क्षार विरघळून त्यांचे विद्युतभारित आयन होतात आणि शेजारच्या दोन वाहिन्यांमध्ये गळती सुरू होते. त्यावर विद्युतदाब कायम राहिला, तर धातूचे कण एका वाहिनीतून सुटून दुसरीकडे जमा होऊ लागतात. नेच्याच्या पानासारखी त्यांची सूक्ष्म फांदी वाढते आणि अखेर शॉर्टसर्किट होते. पुष्कळदा ही फांदी त्याच क्षणी जळूनही जाते. म्हणूनच ग्राहकाने परत पाठवलेला बोर्ड तपासणीच्या टेबलावर बिनतक्रार चालतो आणि दोष कोणाचा, यावरून पुरवठादार व खरेदीदार यांच्यात वाद रंगतो.

या तपासणीची सर्वांत रूढ पद्धत ‘रोझ’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकी नौदलाच्या इंडियानापोलिस येथील केंद्रात १९७०च्या दशकाच्या आरंभी ती विकसित झाली. ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि २५ टक्के आयनमुक्त पाणी यांच्या मिश्रणात बोर्ड बुडवतात. क्षार विरघळले, की मिश्रणाचा विद्युतरोध घटतो. ही घट मोजून तितकाच परिणाम घडवायला किती मीठ लागले असते, याचा हिशेब मांडतात. दर चौरस सेंटिमीटरला १.५६ मायक्रोग्रॅम मीठ ही मर्यादा त्याच काळात ठरली आणि पुढे जगभर जणू वेदवाक्य बनली.

मात्र ही मर्यादा राळयुक्त फ्लक्स वापरून नंतर धुतलेल्या, ऐसपैस मांडणीच्या बोर्डांसाठी होती. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर धुण्यासाठी वापरली जाणारी सीएफसी द्रावणे मागे पडली, न धुण्याचे ‘नो-क्लीन’ फ्लक्स आले आणि सुटे भाग बोर्डाला जवळजवळ चिकटूनच बसू लागले. रोझचा आकडा संपूर्ण बोर्डाची सरासरी सांगतो. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या बोर्डाच्या दोन्ही बाजू मिळून २०० चौरस सेंटिमीटर होतात. त्यावर ३१२ मायक्रोग्रॅम, म्हणजे स्वयंपाकघरातील मिठाचे जेमतेम पाच-सहा बारीक कण चालतात. पण ते सारे एकाच चिपखालच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये दडले असतील, तर तेथील प्रमाण मर्यादेच्या दोनशेपट होते आणि अहवालावर शिक्का मात्र ‘उत्तीर्ण’चा! शिवाय चिपखालच्या चिंचोळ्या फटीत मिश्रण पुरेसे शिरेलच, याचीही हमी नाही.

या कारणांमुळे आयपीसी या आंतरराष्ट्रीय उद्योगसंस्थेने सोल्डरिंगविषयक आपल्या मानकात २०१८ मध्ये दुरुस्ती केली. केवळ १.५६ चा आकडा दाखवून भागत नाही. आपली प्रक्रिया योग्य असल्याचा वस्तुनिष्ठ पुरावा उत्पादकाने द्यावा, असा त्याचा रोख आहे. रोझ बाद झालेली नाही. रोजच्या उत्पादनात काही बिघडले का, हे पाहण्यासाठी ती आजही स्वस्त आणि सोयीची आहे.

पुराव्यासाठी दोन मार्ग आहेत. आयन क्रोमॅटोग्राफीत बोर्ड मिश्रणासह पिशवीत बंद करून ८० अंश सेल्सिअसला तासभर ठेवतात आणि उतरलेला प्रत्येक आयन वेगळा मोजतात. सोडियम आणि क्लोराइड एकत्र आढळले तर संशय हातमोज्यांवर, सौम्य आम्ले आढळली तर फ्लक्स पुरेसे तापले नसल्याचा. पृष्ठरोधाच्या चाचणीत फणीच्या दात्यांसारख्या वाहिन्या असलेला नमुना-बोर्ड ४० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रतेत १६८ तास ठेवतात. रोध शंभर मेगाओमखाली घसरता कामा नये. हा अख्खा आठवडा आणि त्याचा खर्च लहान पुरवठादारांना जड जातो, हे खरे. परंतु प्रत्येक बोर्डासाठी नव्हे, तर फ्लक्स, भट्टीचे तापमान किंवा धुण्याची पद्धत बदलल्यावरच ती करावी लागते.

धुण्याबाबत एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. नळाच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने बोर्ड धुणे म्हणजे त्यावर नवे क्षार चढवणे होय. शेवटची धुलाई आयनमुक्त पाण्यानेच लागते. ‘नो-क्लीन’ फ्लक्सचा अवशेष अर्धवट पुसणे त्याहून घातक असते, कारण आम्लांना वेढून ठेवणारे राळेचे आवरण त्याने निघून जाते आणि आम्ले उघडी पडतात. दुरुस्ती विभागात अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने नेमके हेच सर्रास घडते.