दिनविशेष, १३ डिसेंबर : मायमोनिडीस आणि कोकणचे शनवार तेली

मोशे बेन मायमोन ऊर्फ मायमोनिडीस यांचे १३ डिसेंबर १२०४ रोजी इजिप्तमधील फुस्तात येथे निधन झाले. कॉर्दोबात जन्मलेले हे वैद्य आणि तत्त्वज्ञ इजिप्तच्या यहुद्यांचे प्रमुख होते. १४ भागांच्या ‘मिश्ने तोरा’त त्यांनी विखुरलेले धर्मशास्त्र एकत्र आणले. मराठी वाचकाने त्यांची आठवण ठेवावी ती एका पत्रासाठी. फ्रान्समधील ल्युनेलच्या पंडितांना ते कळवतात, की हिंदुस्थानातले यहुदी शब्बाथ (शनिवारचा विश्रांतिदिन) पाळतात, आठव्या दिवशी सुंता करतात, पण लिखित तोरा त्यांना ठाऊक नाही.

हे वर्णन कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाला तंतोतंत लागू पडते. घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. हिब्रू ग्रंथ हरवले होते, सुंता सुटली नव्हती. पत्रातले यहुदी मलबारचे असतील, असा आक्षेप घेता येतो. पण बाराव्या शतकातला प्रवासी, तुदेलाचा बेंजामिन, मलबारातल्या कोल्लमच्या यहुद्यांना तोरा आणि थोडा तालमूदही (धर्मशास्त्रावरील ग्रंथ) येतो, असे लिहितो. मायमोनिडीस यांची माहिती ऐकीव होती, हे खरे. तरी ती निराधार म्हणता येत नाही. त्यांचे बंधू डेव्हिड व्यापारासाठी निघाले असता हिंदी महासागरातच बुडाले, इतका त्या घराचा या जलमार्गाशी संबंध होता. पत्रात कोकणाचे नाव नाही, त्यामुळे हा पुरावा निर्णायक नव्हे. पण बेने इस्रायलांची प्राचीनता केवळ दंतकथा मानणाऱ्यांना या पत्राचे उत्तर द्यावेच लागेल.