महाजनी कायद्याची बदलती नावे

पेडणे व डिचोली महालांतील देवस्थानांचे जुने दप्तर चाळताना एकाच कायद्याला निरनिराळी नावे आढळतात व तरुण महाजन गोंधळून जातात. त्यांच्यासाठी हे अल्प टिपण.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे महाल पोर्तुगीज अंमलाखाली आले. पुढे देवस्थानांचा कारभार ३० ऑक्टोबर १८८६ च्या नियमावलीने बांधला गेला. तिच्या जागी ३० मार्च १९३३ चा ‘दिप्लोम लेजिस्लातीव्ह क्रमांक ६४५’ आला. मुक्तीनंतर, १९६२ च्या गोवा, दमण व दीव प्रशासन अधिनियमाने पूर्वीचे कायदे बदलले वा रद्द होईपर्यंत चालू ठेवले. तोच दिप्लोम कचेरीत ‘देवस्थान रेग्युलेशन’ झाला आणि आदमिनिस्त्रादोरच्या जागी मामलेदार बसले. नाव पालटले, कायदा तोच राहिला. उलटपक्षी, १८८६ व १९३३ या दोन्ही नियमावल्यांना घरोघरी ‘महाजनी कायदा’ हे एकच नाव. कायदे मात्र दोन!

हा प्रकार आजही घडतोच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. फसवणुकीचे सर्वपरिचित कलम ४२० आता ३१८ मध्ये गेले. तथापि त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यास जुनेच कलम लागते.

यास्तव महाजनकीसंबंधी अर्ज करताना केवळ नावावर विसंबू नये. कायद्याचा क्रमांक व दिनांक अवश्य लिहावा. तसेच घरातील पोर्तुगीज कागद वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नये. पूर्वजांच्या नोंदीचा पुरावा कदाचित त्यातच असेल.