तळटीप १४ : पिक्सेलचा रंग जुळत नाही तेव्हा
१४. घोडेगावच्या (ता. नेवासा) कांदा बाजारासारख्या ठिकाणी लिलावानंतर हिशोबपट्ट्या भराभर कराव्या लागतात. बटण निळे होताच पुढची पट्टी उघडणारा ऑटोहॉटकीचा (विंडोजवरची कामे आपोआप करून घेण्याच्या साधनाचा) प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर अडला, तर आधी विंडोजचे स्केलिंग पाहावे : १०० टक्क्यांवर खिडकीच्या डाव्या कडेपासून ४०० पिक्सेलवरचे बटण १२५ टक्क्यांवर साधारण ५०० वर सरकते. मग ऑटोहॉटकीची आवृत्ती पाहावी. पहिली आवृत्ती, वेगळे सांगितले नाही तर, रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचते, दुसरी लाल-हिरवा-निळा. अक्षराच्या कडेला रंग मिसळलेले असतात, म्हणून बटणाच्या सपाट भागातला पिक्सेल निवडावा आणि रंगात थोड्या फरकाची मुभा ठेवावी. पट्टीवर शेतकऱ्याचा पैसा असतो. छापण्यापूर्वी वजन आणि भाव डोळ्यांनी तपासावेतच.